डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि चिनी सुयांची हकीकत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात भगिनींना ठाऊक आहेच. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा नाव निवडण्यास मला फार विचार करावा लागला नाही. कारण ते नाव गेले वर्षभर माझ्या मनात घोळत होते, आणि त्याला कारण झाल्या आमच्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाईंचे गुडघे पावसाळा लागला की धरतात. तिळाचे तेल झाले, निगडीच्या पाल्याचा शेक झाला, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. शेवटी कोणी तरी सांगितले म्हणून त्या सुया टोचून घेण्यास जाऊ लागल्या. गावाचे आणि दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही; त्याची गरजही नाही. पहिल्या चार खेपांनंतर त्या जिना बऱ्यापैकी उतरू लागल्या हे खरे. पण त्याच सुमारास त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, आणि घरात कोणास सांगितले नाही. रक्त तपासले तेव्हा साखर इतकी वाढलेली निघाली की आमच्या तोंडचे पाणी पळाले. विचारले तर म्हणाल्या, सुया सगळ्या शरीराला लागू पडतात, मग गोळ्यांची विषारी गर्मी हवी कशाला? शिवाय त्या दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टर कोटणिसांची तसबीर आहे. आपल्या सोलापूरच्या त्या डॉक्टरांनी चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि सुया टोचून हजारो सैनिक बरे केले, असे तेथे त्यांना कोणी सांगितले होते. एवढा मोठा मनुष्य खोटे कसे करील?

मोठा मनुष्य खोटे करीत नाही, पण मोठ्या मनुष्याच्या नावावर पुष्कळ गोष्टी खपतात. तेव्हा कोटणिसांनी चीनमध्ये काय केले आणि काय केले नाही, हे नीट सांगावे म्हणून हा लेख.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यम स्थितीतले, माणसे पुष्कळ. वडील गिरणीत नोकरीला; भाऊ-बहिणींचा मोठा गोतावळा. सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे आणि चळवळीचे गाव. १९३० च्या मे महिन्यात तेथे सरकारने मार्शल लॉ पुकारला, आणि पुढील जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिले. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. अशा गावात वाढलेल्या मुलाला देशाची ओढ कोठून आली, हे वेगळे शोधावयास नको.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईस परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. त्याला लागूनच के. ई. एम. रुग्णालय आहे. आपल्या रत्नागिरीतून मुंबईस गेलेल्या किती तरी घरांनी त्या रुग्णालयाची पायरी चढलेली आहे, म्हणून उल्लेख केला. पदवी हाती आली, पुढील परीक्षेची तयारी चालू होती. वडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी ओढाताण केली होती, आणि आता कोठे घराला हातभार लागेल अशी सर्वांची अपेक्षा होती. कोकणात ही स्थिती समजावून सांगण्याची जरूर नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसणारी घरे आपल्या प्रत्येक आळीत होती.

याच वेळी चीनमधून हाक आली. ७ जुलै १९३७ पासून जपानने चीनवर उघड आक्रमण सुरू केले होते. चिनी आठव्या मार्ग-सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे पाठविण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते. वयाने सर्वांत वडील नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे दोघे, डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू. पाचवे सोलापूरचे कोटणीस. बसूंचे नाव भगिनींनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

स्वतःचा देश पारतंत्र्यात असता दुसऱ्या देशाच्या जखमा बांधावयास जाणे, हे घरच्यांना पटवून देणे सोपे गेले नसेल. करार एक वर्षाचा होता. १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या आगबोटीने हे पाच जण मुंबई बंदरातून निघाले, आणि १७ सप्टेंबर रोजी कँटनला पोहोचले. तेथे त्यांच्या स्वागतास सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग स्वतः हजर होत्या. पुढे महिनाभरातच कँटन पडले आणि हँकोही पडले. पथक मागे सरकत सरकत चुंगकिंगला गेले. तेथेच त्यांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाशेवटी चीन या अर्थाचा ह्वा हा शब्द जोडला गेला, आणि कोटणीस को दिह्वा झाले.

चुंगकिंगमध्ये असतानाच १९३९ च्या जानेवारीत घरून वडील वारल्याची बातमी आली. परत फिरण्यास यापेक्षा मोठे कारण ते कोणते? सोबत्यांनीही त्यांना घरी जाण्यास सांगितले. ते गेले नाहीत. येनानकडे जाणारी मोटार सुटावयाची होती, तीत ते बसले. या ठिकाणी मी लिहिता लिहिता थांबले. सोलापुरातील त्या घरी मागे राहिलेल्या आईचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मुलाची थोरवी आपण सांगतो, आणि त्या थोरवीची किंमत कोणी मोजली हे सांगावयाचे राहून जाते.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीचे उघडे डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पोटात खोदलेल्या गुहा. राहणे गुहेत, शाळा गुहेत, रुग्णालयही गुहेत. वरून जपानी विमानांची भीती. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परत आले. राहिलेले तिघे नोव्हेंबरात आघाडीकडे निघाले. अटलांची प्रकृती ढासळून तेही १९४० मध्ये परतले. कोटणीस आणि बसू मात्र शत्रूची नाकेबंदी चुकवीत, रात्री डोंगरवाटांनी चालत, १९४० च्या मध्यास उत्तर चीनमधील सीमाप्रदेशात पोहोचले. काही काळाने बसूंना येनानला परत जावे लागले. पाचांतले एकटे कोटणीस तेथे उरले.

तेथे त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता, कॅनडाचे नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळली, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्तदोषाने ते वारले. त्यांच्या नावाने तेथे रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा चालू झाली होती. कोटणीस त्या शाळेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. ठिकाण हपै प्रांतातील तांग परगण्यात गगुंग नावाचे एक खेडे.

रुग्णालय म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे फरशी, दिवे, पांढरे कपडे येतात. येथे शेतकऱ्यांची घरे होती. शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे दाराच्या फळ्या. शत्रू जवळ आला की सगळे रुग्णालय खेचरांवर लादून डोंगरात न्यावयाचे. १९४० च्या मोठ्या चढाईत तेरा दिवसांत आठशेवर जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांतील साडेपाचशेहून अधिक जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केली. सलग तीन दिवस ते झोपले नव्हते असे सांगतात.

जखमी सैनिकांनी त्यांना एक नाव ठेवले होते, त्याचा अर्थ काळी आई. रंगाने ते चिनी माणसांहून सावळे आणि स्वभावाने मायाळू, म्हणून. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. हे त्या सैनिकांना माहीत असण्याचे कारण नाही, पण ते नाव वाचले तेव्हा मला ते दोन्ही अर्थांनी बरोबर वाटले.

भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की चिनीत बोलत, शिकवीत आणि लिहूही लागले. विद्यार्थ्यांना पुस्तके नव्हती, म्हणून शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी स्वतःच पाठ्यपुस्तक तयार केले, आणि लगेच दुसरे हाती घेतले.

आता औषधांविषयी. आपल्या मूळ प्रश्नाचा निम्मा भाग येथे आहे. नाकेबंदीमुळे बाहेरचे औषध येत नव्हते. आले तर चोरवाटेने, मूठभर. सीमाप्रदेशात औषधे बनविणारे लहान कारखाने निघाले, आणि त्यांनी डोंगरातल्या वनस्पतींना हात घातला. चीनमध्ये जुन्या वैद्यांची परंपरा मोठी. मा-ह्वांग म्हणून एक झुडूप आहे, ते दमा-खोकल्यावर शेकडो वर्षे देत आले. त्यातील एफेड्रीन हे द्रव्य १८८५ साली जपानमध्ये वेगळे काढले गेले. पुढे १९२४ च्या सुमारास पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा शास्त्रीय अभ्यास झाला, आणि तेथून ते जगभर दम्याच्या औषधांत गेले. तेव्हा जुन्याचा आणि नव्याचा संबंध केवळ भांडणाचा होता असे नाही. तरी भांडण होतेच. सुया टोचण्याची विद्या राजवैद्यांच्या शाळेतून बादशहानेच १८२२ साली हद्दपार केली होती, आणि १९२९ साली तेथील सरकारच्या आरोग्य समितीने सगळे जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव केला होता. वैद्यांनी गर्दी करून तो हाणून पाडला. खेड्यातली माणसे मात्र ठराव वाचून वैद्याकडे जात नाहीत. त्यांच्याजवळ सुईवैद्य होता, तो चालूच राहिला. त्याच्या जोडीला वाळलेल्या पानांची वात करून ती कातडीजवळ जाळून शेक देण्याची रीत असे. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या जातकुळीतली. जोतिबाला वाहतो तो दवणा. आणि शेकाचे म्हणाल तर बिब्ब्याचा चटका आपल्याकडील जुन्या बायकांना सांगावयास नको.

पण कोटणीस हे आधुनिक शस्त्रवैद्य होते. त्यांच्या हाती चाकू, चिमटा, टाके आणि शिकविण्याचा फळा होता. ते सुईवैद्य झाले, सुया टोचून त्यांनी सैनिक बरे केले, असे त्यांच्या कामाच्या हकीकतीत कोठे नाही. सुया टोचून भूल देण्याचे प्रयोग तर १९५८ साली शांघायमध्ये सुरू झाले, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. जाऊबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना ते आवडले नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे कोटणीस हातात सुई घेऊन उभे होते, आणि मी ती काढून घेतली असे त्यांना वाटले.

गगुंगच्या शाळेत परिचर्या शिकविणारी एक तरुणी होती, क्वो छिंगलान. बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी तिने कोटणिसांना पहिल्यांदा पाहिले आणि हा परदेशी मनुष्य चिनी बोलतो, थोडे लिहितोही, याचे तिला नवल वाटले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे लग्न झाले. मुहूर्त नाही, वऱ्हाड नाही. सासरचे एकही माणूस जवळ नाही. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगझेन यांनी त्याचे नाव यिनह्वा ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैत कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यांच्या या मताशी आपण सहमत असू वा नसू, चरित्रात ते लपविण्यासारखे नाही.

तेव्हा त्यांची प्रकृती आधीच बिघडली होती. दौऱ्यातील कदान्नाने त्यांच्या पोटात पट्टकृमी झाला होता, आणि पुढे फेफऱ्याचे झटके येऊ लागले. हा कृमी डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून व घाणेरड्या पाण्या-भाजीतून माणसाकडे येतो, त्याच्या अळ्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात, आणि जगात पुष्कळ ठिकाणी फेफऱ्याचे तेच एक मोठे कारण आहे, हे आज डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. त्यावरची प्रभावी औषधे मात्र कोटणिसांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी निघाली. वरिष्ठांनी त्यांना उपचारासाठी दूर जाण्यास सांगितले. त्यांनी काम सोडले नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचे लिखाण करीत बसले असता झटका आला, मागून झटके येतच राहिले, आणि ९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

त्यांचे पुढचे स्मरण सर्वांना माहीत आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी हा बोलपट काढला, आणि त्यात स्वतः कोटणिसांची व जयश्रीबाईंनी छिंगलानची भूमिका केली. आपल्यांतील वडीलधाऱ्या भगिनींना तो आठवत असेल. चीनमध्ये शिजियाज्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथून यांच्याजवळच कोटणिसांची समाधी आहे. सोलापुरातही त्यांचे स्मारक झाले आहे. छिंगलानबाई १९५८ साली हिंदुस्थानात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या, आणि नंतरही आल्या. १९६२ चे युद्ध मध्ये झाले, तरी ते नाते तुटले नाही; २००६ साली चीनचे अध्यक्ष मुंबईस आले तेव्हा त्यांनी कोटणिसांच्या बहिणींची भेट घेतली. यिनह्वा मात्र वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली ऐन पंचविशीत वारला. छिंगलानबाई २०१२ पर्यंत होत्या. पती आणि पुत्र दोघेही डॉक्टरकीच्या वाटेवर गेलेले, आणि मागे राहिलेली ही बाई.

मग भिंतीवरच्या त्या तसबिरीत आणि सुयांत संबंध काहीच नाही काय? आहे, आणि तो सरळ रेषेचा नाही म्हणूनच सांगण्यासारखा आहे.

कोटणीस गेल्यावर दोन वर्षांनी, १९४४ साली, येनानमध्ये माओ त्से-तुंग यांनी नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांशी सहकार्य करावे, असे आवाहन केले. १९४५ मध्ये तेथील शांती रुग्णालयात एक वृद्ध सुईवैद्य नव्या डॉक्टरांना आपली विद्या शिकवू लागले. शिकणाऱ्यांत चू ल्येन नावाच्या एक बाई होत्या. त्या स्वतः नव्या वैद्यकात तयार झालेल्या. त्यांनी सुयांचा अभ्यास केला तो शरीररचना आणि मज्जातंतू डोळ्यांपुढे ठेवून, सुया उकळून निर्जंतुक करून. आणि १९५१ साली या विषयावर नवे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने पेकिंगमध्ये सुईचिकित्सेची प्रायोगिक संस्था काढली, तिच्या प्रमुख चू ल्येनबाई झाल्या. जुनी विद्या नव्या रुग्णालयात आली ती बऱ्याच अंशी अशा हातांनी. आपल्याकडील सुईच्या दवाखान्यांत या बाईंची तसबीर मी तरी पाहिली नाही.

आता बसूंकडे येऊ. कोटणिसांचे हे सोबती १९४३ साली कलकत्त्यास परतले. पुढे पंधराएक वर्षांनी ते पुन्हा चीनमध्ये गेले, तेथे ही विद्या शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यास आपल्या रुग्णांवर वापरू लागले. हिंदुस्थानात चिनी सुयांचा प्रसार झाला तो मुख्यतः या एका डॉक्टरमुळे. त्यांनी आपल्या मित्राचे नाव जागते ठेवले. कोटणिसांच्या नावाने स्मारक समिती चालली, डॉक्टरांना सुया शिकविल्या गेल्या. पंजाबात लुधियाना येथे तर कोटणिसांच्या नावाचे सुईचिकित्सेचे रुग्णालयच उभे राहिले. अशा रीतीने सुई बसूंची आणि नाव कोटणिसांचे, अशी गाठ पडली. बसू १९८६ साली वारले. एका मित्राने दुसऱ्याचे नाव पुढे केले आणि स्वतः मागे राहिला, असाच याचा अर्थ मी घेते. त्यात फसवणूक नव्हती. ती नंतर, ऐकीव गोष्टी वाढवून सांगणाऱ्यांनी केली.

आणि बसू हे पदवीधर डॉक्टर होते, हे जाऊबाईंना मी दोनदा सांगितले. सुया आल्या म्हणून त्यांनी नवे वैद्यक सोडून दिले नव्हते.

सुयांनी गुण येतो की नाही, हा प्रश्न अनेक भगिनी विचारतील. मी डॉक्टर नाही. वाचून आणि विचारून जे कळले ते सांगते. जुनाट पाठदुखी, मानदुखी, डोकेदुखी, गुडघेदुखी यांवर झालेल्या चाचण्यांतील सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या सुयांनी खोट्या सुयांपेक्षा थोडा अधिक आराम पडतो असे दिसले. थोडा, हा शब्द महत्त्वाचा. कारण खोट्या सुयांनीही पुष्कळांना बरे वाटले होते. दुसऱ्या बाजूस इंग्लंडच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली गुडघ्याच्या संधिवातासाठी सुया देऊ नयेत असे सांगितले. म्हणजे जाणत्यांतही एकमत नाही. परंतु सुयांनी मधुमेह जातो, क्षय जातो, हिवताप जातो, गाठ विरघळते, असे कोणी सांगेल तर तेथून उठावे. आणि सुई टोचणाराने आपल्या डोळ्यांदेखत नवे पाकीट फोडले नाही तर त्याहून लवकर उठावे. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ होऊ शकते. केंद्र सरकारने २०१९ साली सुईचिकित्सेला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे आणि महाराष्ट्रातही तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा समोरच्या मनुष्याची नोंदणी आहे की नाही हे विचारण्यात अपमान काही नाही. आपण मासे घेतानाही कल्ले उघडून पाहतो.

हिवतापाचे नाव निघाले म्हणून एक सांगते. आपल्या कोकणात थंडी वाजून ताप आला की पूर्वी घरात काय होत असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावर नवे औषध शोधण्याचे काम सरकारने गुप्तपणे हाती घेतले. पुढे त्यात तू यूयू नावाच्या बाई आल्या. त्यांनी जुने वैद्यकग्रंथ चाळले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस तापावर द्यावा असे लिहिले होते. ही वनस्पतीसुद्धा दवण्याच्याच घराण्यातली. बाईंच्या लक्षात आले की ग्रंथात काढा उकळावयास सांगितलेलाच नाही. उकळल्याने गुण नष्ट होत असावा, असा तर्क करून त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. तो आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनीन हे औषध निघाले, आणि २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. आज घातक हिवतापावर आपल्या सरकारी दवाखान्यांतही याच जातीचे औषध देतात. तेही एकटे नव्हे, दुसऱ्या औषधाच्या जोडीने. त्या जुन्या ग्रंथात इतर पुष्कळ नुस्खे आहेत. तपासून टिकला तो हा एक.

कोटणिसांच्या चरित्रात मला हेच वळण दिसते. फळीचे टेबल करावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी फळीचे टेबल केले. पण फळी स्वच्छ धुतल्याशिवाय नव्हे. झाडपाल्याचे औषध हाती आले तर ते नाकारण्याची चैन त्या डोंगरात कोणास परवडत नव्हती. पण पायात गोळी शिरलेल्याला त्यांनी पाला बांधून घरी पाठविले नाही.

जाऊबाईंचे सांगून पुरे करते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी हसून सांगितले की सुयांनी गुडघ्याला बरे वाटते तर खुशाल जा, पण गोळी सोडायची नाही, आणि तुम्हांला मधुमेह आहे हे सुईवाल्यांना आधी सांगायचे, कारण तुमची जखम लवकर भरत नाही. आता त्या मंगळवारी सुया घेतात आणि रोज सकाळी गोळी घेतात. साखर उतरली आहे. गुडघे, खरे सांगावयाचे तर, कधी बरे, कधी नाही. यंदाच्या आषाढात पुन्हा धरले होते.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. सुया टोचणारे गृहस्थ तरुण आणि मर्यादशील निघाले. तसबिरीविषयी मी वर लिहिलेली हकीकत त्यांना सांगितली, तेव्हा मनातून मी थोडी घाबरलेच होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. कोटणिसांनी सुया टोचल्या असे आपल्याला गुरूने सांगितले आणि आपण तेच पुढे सांगत आलो, असे ते म्हणाले. तसबीर काढू का, म्हणून मलाच विचारले. मी नको म्हटले. तिला त्या भिंतीवर राहण्याचा हक्क आहे. फक्त शेजारी बसूंची आणि जमल्यास चू ल्येनबाईंची लावा, असे सुचविले. मिळाल्या तर आणून द्या, लावतो, असे ते म्हणाले. बसूंची एक जुनी छबी एका पुस्तकात सापडली आहे, ती मोठी करून घ्यावयास दिली आहे. बाईंची अजून मिळाली नाही.